मुरुगवाडा ते मारुती मंदिर: ताठ बसायची डच सायकल रत्नागिरीत चालेल का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घर मुरुगवाड्यात, शाळा मारुती मंदिराजवळ, एका बाजूचं अंतर चारेक किलोमीटर. वय बावन्न, उंची पाच फूट दोन इंच, गुडघे चढावर कुरकुरतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाकडे आइंडहोव्हनला राहिलात, तिथे रोज ताठ बसायची डच सायकल चालवलीत, आणि परत आल्यावर रिक्षाची वाट बघणं नकोसं झालं. मुलगा म्हणतो, तीच सायकल पाठवतो. शेजारी म्हणतात, खाऱ्या हवेत दोन वर्षांत भंगारात जाईल. दुकानदार जाड टायरची, एकवीस गिअरची सायकल समोर करतो. यातलं काय करावं?

मी एकतीस वर्षं सायकली दुरुस्त करतो. आधी वडिलांच्या हाताखाली, नंतर स्वतःच्या दुकानात. परदेशातून परतलेल्या लोकांनी आणलेल्या पाच डच सायकली आजवर माझ्या हाताखालून गेल्या. त्यातल्या दोन अजून दर मे महिन्यात येतात. त्यामुळे खाली लिहितो ते हाताने उघडून, पुसून, परत बसवून पाहिलेलं आहे.

सायकलची जात तुम्ही अगदी बरोबर ओळखली आहे. पण तिथून सायकल आणू नका. इथली लोखंडी लेडीज फ्रेम घ्या आणि मुलाला फक्त एक मागचं चाक आणायला सांगा. का, ते सांगतो.

तुम्ही तिकडे जी चालवलीत तिला तिथे ओमाफिट्स म्हणतात, म्हणजे आजीची सायकल. ती दिसायला परकी वाटली नसेल, कारण ती आपल्या काळ्या सायकलीची मावसबहीणच आहे. दोघींचं मूळ इंग्लंडमध्ये. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या स्टार्लीने सारख्या उंचीच्या दोन चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल आणली, १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं, आणि त्यातून पुढे जी रोजच्या वापराची जड, टिकाऊ सायकल तयार झाली ती दोन दिशांना गेली. हॉलंडमध्ये गझेल १८९२ पासून आणि बटावस १९०४ पासून सायकल व्यवसायात आहेत, आणि हा नमुना तिथे अजून जिवंत आहे. आपल्याकडे इंग्रजी सायकली आल्या, मग स्वातंत्र्याच्या सुमारास आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला हर्क्युलस, सोनीपतला ॲटलस, लुधियान्याला हीरो असे कारखाने उभे राहिले आणि त्यांनी तोच नमुना उचलला. पोस्टमनची सायकल, पाववाल्याची सायकल, तुमच्या आजोबांची चोवीस इंची दांडीची सायकल, सगळ्या त्याच घराण्यातल्या. मागे कललेली सीट, पुढे वाकलेला चिमटा, अंगाकडे वळलेलं हँडल, लांब मडगार्ड, कॅरियर, स्टँड.

फरक पडला तो नंतर. त्यांनी हा नमुना सुधारत नेला: चेन पूर्ण झाकली, ब्रेक हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्याच्या, आत नेले, गिअरही हबच्या आत घातले, दिवा कायमचा बसवला, कुलूप फ्रेमलाच जोडलं. आपण १९५० सालची सायकल तशीच ठेवली, आणि मग तिला गरिबाची सायकल ठरवून पोरांना डोंगरातल्या शर्यतीची सायकल घेऊन दिली. तिला मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरियर नाही, आणि चेन उघडी. कोकणात, जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे बिनमडगार्डची सायकल विकतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. शाळेत पोहोचेपर्यंत पाठीवर लाल चिखलाचा पट्टा उठतो, आणि मूल दुसऱ्या दिवसापासून सायकल नको म्हणतं. सायकल सुटते ती अशी.

आता मुलाने पूर्ण सायकल का पाठवू नये. पहिलं कारण माप. तुम्हीच लिहिलं आहे की सीट अगदी खाली केली तरी थांबताना फक्त चवडे टेकत होते. डच माणूस उंच, त्यामुळे तिथल्या फ्रेमी मोठ्या. लहान मापं मिळतात, पण शोधावी लागतात. दुसरं कारण वजन. अशा सायकली अठरा ते बावीस किलोच्या असतात, शिवाय खोकं. त्याचं भाडं आणि जकात धरून जे पैसे जातील त्यात इथे सगळं करून वर दहा वर्षांचं ओव्हरहॉलिंग होईल. आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण म्हणजे हॉलंड सपाट आहे. तिथल्या बऱ्याच साध्या सायकलींना एकच गिअर असतो आणि मागचा ब्रेक पायडल उलटं फिरवून लागतो. सपाटीवर त्याच्याइतकी सुखाची गोष्ट नाही. पण गोखले नाक्याकडून जयस्तंभ, तिथून माळनाका, मग मारुती मंदिर हा रस्ता तुमच्या रोजच्या पायाखालचा आहे. रत्नागिरी म्हणजे खाली बंदर आणि वर सडा, म्हणजे कातळाचं पठार. मांडवी, मुरुगवाडा, मिऱ्या या पट्ट्यात ओमाफिट्स जशीच्या तशी चालेल. सड्यावर जायचं तर तिला कोकणी करावी लागेल.

चढाचा हिशोब करून दाखवतो, तो एकदा समजला की दुकानात कोणी फसवणार नाही. पायडलची एक पूर्ण फेरी मारली की सायकल किती पुढे जाते, एवढंच बघायचं. २६ इंची लेडीज सायकलीचं चाक एका फेरीत साधारण २.०७ मीटर जातं. पुढे ४४ दात आणि मागे १८ दाती फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातचक्र, असेल, तर एका पायडलफेरीत ५ मीटरपेक्षा थोडं जास्त. सपाटीवर ठीक, चढावर गुडघ्याचा जीव घेणारं. मागे १८ च्या जागी २२ दाती फ्रीव्हील टाकलं की हाच आकडा ४.१४ मीटरवर येतो. हे फ्रीव्हील हापूसच्या एका डझनापेक्षा स्वस्त मिळतं, बसवायला अर्धा तास लागतो, चेनला एखाद-दुसरी कडी जोडावी लागते. मी पन्नाशीच्या पुढच्या कोणाचीही सायकल आली की आधी हे सुचवतो. वाऱ्याविरुद्धसुद्धा फरक कळतो, आणि ताठ बसणाऱ्याला जुलैत मिऱ्याच्या बाजूने येणारा वारा छातीवरच घ्यावा लागतो.

पण जयस्तंभाच्या चढाला ४.१४ मीटरसुद्धा जास्त आहेत. तिथे हबमधला गिअर लागतो. शिमानोचा ३ गिअरचा नेक्सस हब घेतला तर त्याचा खालचा गिअर ०.७३ पट असतो, म्हणजे २२ दातांसोबत एका फेरीत ३ मीटर. मिनिटाला पन्नास फेऱ्या मारल्या तरी तासाला नऊ किलोमीटर, म्हणजे चालण्याच्या दुप्पट, आणि गुडघ्यावर जोर नाही. ७ गिअरचा घेतला तर खालचा गिअर ०.६३ पट, म्हणजे अडीच मीटरच्या थोडं वर. तुमच्या गुडघ्यांसाठी मी ७ चा सुचवेन. ही कल्पना काही नवी नाही. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने ३ गिअरचा हब १९०२ मध्येच काढला होता. बाहेरच्या गिअरपेक्षा याचे दोन फायदे. सगळे दात हबच्या आत ग्रीसमध्ये झाकलेले, त्यामुळे लाल माती आणि खारं पाणी शिरत नाही. आणि थांबलेल्या सायकलीवरही गिअर बदलता येतो. लक्ष्मी चौकात म्हैस आडवी आली, थांबलात, तर हलका गिअर टाकून निघता येतं. एकवीस गिअरवाल्या सायकलीला हे जमत नाही. पायडल फिरत असेल तरच तिथे गिअर पडतो.

ब्रेकवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण जीव त्यावर अवलंबून आहे. काळ्या सायकलीला रॉड ब्रेक, म्हणजे केबलऐवजी सळ्यांनी ओढला जाणारा, आणि चमकदार क्रोमची लोखंडी रिम. कोरड्या दिवसात तो ब्रेक बरा लागतो. पावसात मात्र क्रोमवर पाण्याचा थर बसतो आणि रबर नुसतं घसरतं. दांडा पूर्ण दाबला तरी पहिले काही फेरे चाक फक्त पाणी पुसतं, मग कुठे धरायला लागतं. जयस्तंभाच्या उतारावर तेवढ्यात तुम्ही चौकात पोहोचता. माझ्या थोरल्या भावाचं मनगट असंच मोडलं, भर श्रावणात, ब्रेकरबर नवीन असताना. त्याचा दोष नव्हता, रबराचाही नव्हता. लोखंडी ओली रिम धरतच नाही. म्हणून पुढच्या चाकाला ॲल्युमिनियमची रिम आणि चांगल्या रबराचा ब्रेक घ्या. ॲल्युमिनियम ओलं असतानाही कितीतरी चांगलं धरतं.

मागे हबच्या आतला ब्रेक. डच सायकलींना तो तीन तऱ्हेचा असतो: पायडल उलटं फिरवायचा, ड्रमचा, आणि रोलर ब्रेक. तुमच्यासाठी हाताने लावायचा रोलर ब्रेक. पायडलचा ब्रेक इथे मी एकट्याने कधीच ठेवू देत नाही, कारण उतारावर चेन उतरली की ब्रेकही गेला. रोलर ब्रेक पाऊस असो, ऊन असो, सारखाच लागतो. त्याची एकच अट. त्याला त्याचंच खास ग्रीस लागतं, डब्यातलं साधं ग्रीस भरायचं नाही, आणि मोठ्या घाटात सलग दाबून ठेवायचा नाही, नाहीतर आतून तापून ग्रीस जळतं. माळनाक्याच्या उताराला काही होत नाही. दापोलीहून हर्णैला उतरणाऱ्याला मी वेगळं सांगेन: दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबा, मध्ये सोडा.

आता शेजाऱ्यांची भीती, म्हणजे गंज. ती खोटी नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे आपल्याकडे लोखंड रात्रीसुद्धा सुकत नाही. पण शेजारी एक विसरतात. हॉलंडही समुद्राकाठचाच देश, पाऊस बारमाही, आणि थंडीत बर्फ वितळावा म्हणून ते रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या सायकली वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या असतात. त्यांनी गंजाशी भांडण केलं नाही, गंजण्यासारखं जे होतं ते झाकून टाकलं.

दोन वर्षांपूर्वी गणपती झाल्यावरची गोष्ट. मिरकरवाड्यातून एक मासेवाले मामा सायकल ढकलत आले. कॅरियरवर मासळीचा क्रेट, त्यातलं बर्फाचं खारट पाणी पूर्ण पावसाळाभर मागच्या चाकावर ठिबकलेलं. चेन काढून मी टेबलावर ठेवली, तर ती वाकेनाच, काठीसारखी ताठ पडून राहिली. फ्रीव्हील कुठल्याच बाजूला फिरेना. चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायला तारांच्या टोकाचे नट, म्हणजे निपल, पिळले, तर आठ तारा हातात तुटून आल्या. त्याच आठवड्यात त्या पाच डच सायकलींपैकी एक आली. तिचं चेनकव्हर चार पावसाळे उघडलेलं नव्हतं, कारण मालक परत बाहेरगावी गेले होते आणि सायकल ओटीवर पडून होती. हँडलवर डाग, स्टँड गंजलेला, घंटी बंद. मी मागची झाकणी काढली, बोट आत घातलं, आणि बोट काळं तेलकट होऊन बाहेर आलं. चेन एकेका कडीत वाकत होती. नुसतं पुसून, नवीन तेल सोडून परत झाकली. ती चेन अजून चालू आहे.

म्हणून माझ्या मते डच सायकलीतली सगळ्यात शहाणी वस्तू गिअर नाही, सीट नाही, चेनचं पूर्ण झाकण आहे. आपल्या लेडीज सायकलींनाही पत्र्याचं फुल चेनकव्हर मिळतं. घ्यायचंच. फक्त बसवण्याआधी आतून रंगाचे दोन हात द्यायला सांगा, कारण बाहेरून चकचकीत असलेला पत्रा आतून कोराच असतो आणि तिथूनच सडतो. मागे बावीस दात टाकणार असाल तर झाकण दातांना घासत नाही ना, चाक हाताने फिरवून कान लावून ऐका. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली की अर्धा ते पाऊण इंच हलली पाहिजे. त्याहून सैल असेल तर झाकणाच्या आत आपटत राहील.

साडीचाही प्रश्न इथेच सुटतो. तुम्ही विचारलं आहे की साडीत चालवता येईल का. झाकलेली चेन, आणि मागच्या चाकाच्या वरच्या अर्ध्या भागावर जाळी किंवा रेक्झिन, एवढं असेल तर पदर, ओढणी, पावसाळी कोट, काही अडकत नाही. डच बायका याच कारणाने पूर्वीच्या लांब झग्यांत सायकल चालवत. जाळी तयार मिळाली नाही तर मी नायलॉनच्या दोरीने विणून देतो. मडगार्डला बारीक भोकं, हबपाशी एक पट्टी, आणि तिथून दोरी वर-खाली. मासळीचं जाळं विणणाऱ्या हातांना हे सांगावंही लागत नाही.

मुलाला काय आणायला सांगायचं ते नीट लिहून घ्या. ७ गिअरचा, रोलर ब्रेक लागणारा हब बसवलेलं पूर्ण मागचं चाक, रिमसकट. माप २६ × १ ३/८. तिथल्या टायरवर ते ३७-५९० असं छापलेलं असतं. हेच माप आपल्या २६ इंची लेडीज सायकलींचं, त्यामुळे टायर-ट्यूब रत्नागिरीतच काय, पावस गावातही मिळेल. २८ इंचीच्या बाबतीत सावध राहा. २८ म्हणून दोन वेगळ्या रिमा आहेत, एक ६२२ आणि एक ६३५ मिलिमीटरची. काळ्या सायकलीची २८ × १ १/२ ही ६३५ ची, नव्या डच सायकलींची बहुतेक ६२२ ची, आणि एकीचं टायर दुसरीला बसत नाही. एका गृहस्थांनी हौसेने दोन टायर बॅगेत घालून आणली होती, ती तशीच परत गेली. नुसता हबही आणू नका. आपल्या काळ्या सायकलींच्या रिमेला पुढे ३२ आणि मागे ४० तारा, तिकडचे हब ३६ भोकांचे. रिम शोधत बसावं लागतं.

चाकाबरोबर हँडलवरचा गिअरचा फिरता दांडा, त्याची केबल, ब्रेकचा हात फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी, आणि एक्सलवरचे दोन्ही न फिरणारे वायसर यायलाच हवेत. ते वायसर दिसायला क्षुल्लक, पण तेच नसले तर एक्सल जागेवर फिरतो आणि गिअर पडत नाहीत. मागचं दातचक्र बावीस दाती मागवा. ७ गिअरच्या हबला मागे १३० मिलिमीटरच्या आसपास जागा लागते, आपली फ्रेम त्याहून अरुंद. लोखंडी फ्रेम थोडी थोडी करून, दोन्ही बाजूंनी सारखी उघडता येते, पण ते काम जाणत्याकडूनच करून घ्या. ॲल्युमिनियमची फ्रेम कधीही उघडायची नाही, तिला चीर जाते. म्हणूनच सुरुवातीला लोखंडी फ्रेम घ्या म्हटलं. जमलं तर फ्रेमला बसणारं गोल कुलूपही आणायला सांगा. चावी फिरवली की कडं तारांमधून जातं, साखळी बाळगायला नको. तारा मात्र स्टेनलेसच्या आहेत का बघा. चुंबक लावा, घट्ट चिकटलं तर त्या नव्हेत.

बसण्याची पद्धत. ताठ बसलं की अंगाचा सगळा भार सीटवर येतो, म्हणून सीट रुंद आणि स्प्रिंगची हवी. पुढे वाकून चालवणाऱ्यांची अरुंद सीट इथे चालत नाही. हँडल सीटपेक्षा चांगलं वर, कोपर सैल, मान सरळ. वळणावर रिक्षा येते ती लवकर दिसते, ओळखीच्या माणसाला हात करता येतो. गुडघ्यांचं म्हणाल तर त्यांचं दुखणं बहुतेक वेळा सीट खाली ठेवल्याने असतं. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून आपण सीट उतरवतो आणि मग प्रत्येक फेरीत गुडघा नको तेवढा दुमडतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. तेवढी उंची बरोबर. मग थांबायचं कसं? डच बायका करतात तसं. ब्रेक लावत सीटवरून पुढे सरकायचं आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभं राहायचं. मध्ये दांडी नसलेली फ्रेम त्याच्यासाठीच आहे. दोन दिवस मांडवीच्या रस्त्यावर सकाळी सराव केलात की अंगवळणी पडेल.

दिव्याचं एक वाक्य: पुढच्या हबमध्ये डायनॅमो मिळाला तर उत्तम, नाहीतर चार्जिंगचे दोन दिवे आणि बाजूने चमकणारी पट्टी असलेली टायर. उजव्या हँडलला आरसा लावा. हॉलंडमध्ये १९७० च्या दशकात लोक मुलांचे अपघाती मृत्यू थांबवा म्हणून रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे सायकलीला वेगळा रस्ता मिळत गेला. तिथे रस्ता माणसाला सांभाळतो, इथे आपल्यालाच मागचं बघायला हवं. आणि महामार्गावर ही सायकल नेऊ नका, ती गावातली सायकल आहे.

बॅटरीच्या सायकलीबद्दल तुमच्या यजमानांनी विचारलं आहे. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत मर्यादित असलेली असेल तर लायसन्स किंवा नोंदणी लागत नाही. चढाला मदत होते यात शंका नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या अशा सायकलींत मोटार क्वचित बिघडलेली असते. बिघडतात ते वायरींचे जोड, खाऱ्या हवेने हिरवे पडून. घ्यायचीच असेल तर जोड झाकलेले बघून घ्या. मी आधी सात गिअर वापरून बघा म्हणेन.

देखभाल कोकणच्या पंचांगाने करा. मृगाच्या आधी आणि गणपती झाल्यावर, वर्षातून दोनदा. मृगाआधी सीटची नळी पूर्ण बाहेर काढून पुसायची, ग्रीसचा हात द्यायचा आणि परत घालायची. ही दोन मिनिटांची गोष्ट कोणी करत नाही, आणि मग नळी फ्रेममध्ये अशी धरते की कापून काढावी लागते. हँडलच्या नळीचंही तेच, आणि ॲल्युमिनियमची नळी लोखंडी फ्रेममध्ये असेल तर जास्तच. प्रत्येक निपलवर तेलाचा एक थेंब. गणपतीनंतर पुढचा हब आणि पायडलचा एक्सल उघडून छर्रे बघायचे, खड्डे पडले असतील तर सगळेच बदलायचे, जुने-नवे मिसळायचे नाहीत. चिखल लागला तर गोड्या पाण्याचा तांब्या ओता, जोराची नळी हबवर मारू नका. रात्री प्लास्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो. पडवीत वारा लागेल अशी उभी करा. गाडीचं जळकं तेल लावायची आपल्याकडे सवय आहे. लाल माती त्यात बसली की ते पॉलिश पेपरसारखं काम करतं, आणि उडून रिमेवर गेलं तर ब्रेक जातो.

फ्रेम नवीन घ्यायची गरज नाही. तुमच्या आळीत कोणाच्या तरी पडवीत मुलगी लग्न होऊन गेल्यापासून उभी असलेली लेडीज सायकल नक्की असेल. बघायला जाल तेव्हा रंगाकडे लक्ष देऊ नका. दोन्ही पायडलांच्या मधोमध फ्रेमचा आडवा गोल डबा असतो, त्याच्यावर पान्याने टकटक करा. आवाज खणखणीत आला तर घ्या, बद्द आला किंवा रंगाखालून पापुद्रा निघाला तर सोडा, कारण पाणी वरून उतरून तिथेच साठतं. मग मागचा चिमटा जिथे एक्सलला येऊन मिळतो तिथले जोड नखाने खरवडून बघा. हे दोन्ही ठीक असेल तर चाक येईपर्यंत १८ च्या जागी २२ चं फ्रीव्हील टाकून घ्या आणि मुरुगवाडा ते रामआळी बाजार सुरू करा. मुलगा दिवाळीला येणार म्हणालात. चाक आलं की फ्रेम आणि चाक दोन्ही एकदमच आणा, मागची जागा उघडायला आणि केबल बसवायला मला एक दिवस लागेल. संध्याकाळी जयस्तंभाच्या चढावर तुमच्याबरोबर मीही येईन, पहिल्या गिअरला सीट अजून किती वर घ्यायची ते तिथेच कळतं.